माणसं रिकामी नव्हती, मग काम का रेंगाळलं?

प्रश्न : माझं गाव शेलूबाजारजवळ, मंगरूळपीर तालुक्यात. घरचं मळणी यंत्र आणि दोन ट्रॅक्टर आहेत. सोयाबीनची सोंगणी आणि मळणी असं दोन्ही काम मी गुत्त्यानं घेतो. दोन हंगामांपूर्वी तीस शेतं घेतली होती. सोंगणीची एक टोळी आणि यंत्रावर पाच माणसं एवढ्यावर सतरा दिवसांत सगळं उरकलं. पण तेव्हा बाया कधी कधी दुपारूनच मोकळ्या व्हायच्या, दुसऱ्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर बाभळीखाली बसलेला दिसायचा. मला ते खटकायचं. मागच्या हंगामात ठरवलं, कुणाला बसू द्यायचं नाही. सोंगणीला दोन टोळ्या लावल्या, दुसऱ्या ट्रॅक्टरला दिवसभर बाहेरच्या खेपा दिल्या. शेतं तीसच, यंत्र तेच, माणसं जास्त. एकही जण रिकामा नव्हता. तरी सव्वीस दिवस लागले. शेवटच्या चार जणांचं सोयाबीन भिजलं आणि त्यांचे बोल मला ऐकावे लागले. चूक कुठे झाली, ते अजून कळत नाही.
– एक वाचक, ता. मंगरूळपीर, जि. वाशिम

उत्तर : तुमच्या पत्रात माणसांचा हिशेब आहे, दिवसांचा आहे, शेतांचा आहे. एक आकडा मात्र नाही. सोंगून पडलेली, पण यंत्रावर न गेलेली शेतं रोज संध्याकाळी किती होती? तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यात आहे.

तुम्ही दिलेल्या माहितीवरूनच मांडून पाहू. तीस शेतं सतरा दिवसांत झाली, म्हणजे यंत्राचा वेग दिवसाला जेमतेम दोन शेतांचा. एक टोळीही दिवसाला साधारण तेवढंच सोंगत असणार. आज सोंगलं, उद्या मळलं, परवा पोती शेतकऱ्याच्या घरात, असा तो हंगाम गेला. पुढच्या हंगामात टोळ्या दोन झाल्या आणि सोंगणी दिवसाला चार शेतांवर गेली. साडेसात दिवसांत तीसही शेतं आडवी झाली. यंत्र मात्र तेव्हा पंधराव्या शेतावर होतं. उरलेल्या पंधरा शेतांत सुड्या लागलेल्या होत्या आणि त्यांतल्या शेवटच्या सुडीची पाळी यायला आणखी साडेसात दिवस लागणार होते. दुसऱ्या टोळीनं इतका घाम गाळला, पण त्यानं काम एका दिवसानंही लवकर संपलं नसतं. तीस शेतं एका यंत्रावर मळायला पंधरा दिवस लागतात, सोंगणी पंधरा दिवसांत होवो की साडेसात दिवसांत.

सुडीत पडलेल्या सोयाबीनची अवस्था वाईट असते. त्यावर सोंगणीचा खर्च होऊन गेलेला असतो आणि हातात पैसा आलेला नसतो. पावसाची, आगीची, उंदरांची भीती रोजची. उभ्या पिकावर सर आली तर ऊन-वाऱ्यानं ते पुन्हा वाळतं. सोंगून पडलेलं भिजलं, तर ताडपत्री काढा, पसरवा, उलटवा, वाळवा आणि पुन्हा सुडी लावा. म्हणजे एकदा केलेलं काम दुसऱ्यांदा. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस आपल्याकडे किती शेतांत सोंगलेल्या सोयाबीनला कोंब फुटले होते, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल. तुमचे सतराचे सव्वीस दिवस झाले ते अशाच कामांनी. वाळवण, पुन्हा सुडी, यंत्राचे हेलपाटे आणि भिजलेला, चिवट झालेला माल मळताना मंदावलेलं यंत्र. त्या दिवसांत तुमची सगळी माणसं खरोखर राबत होती, यात शंका नाही. त्यांतली बरीच मेहनत आदल्या आठवड्याच्या घाईनं निर्माण केलेली होती.

या हिशेबामागे एक सिद्ध झालेला नियम आहे. अमेरिकेतले प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची गणिती सिद्धता दिली. नियम इतका साधा आहे की तो सिद्ध करावा लागला याचंच नवल वाटतं. एखाद्या व्यवस्थेत अर्धवट पडलेली कामं किती, त्यांना रोज पुरी होणाऱ्या कामांनी भागा. नव्या कामाला किती दिवस लागतील ते कळतं. सहा शेतं सोंगून पडलेली आणि यंत्र दिवसाला दोन मळतं, तर तीन दिवस. वीस पडलेली असतील तर दहा दिवस. बाया किती राबल्या, ड्रायव्हर बसला की नाही, याला त्या भागाकारात जागाच नाही. सोंगणी वाढवली की फक्त वरचा आकडा फुगतो.

यंत्राच्या हेलपाट्यांबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण ते झालेच असणार. पंधरा शेतकऱ्यांच्या सुड्या पडलेल्या, आभाळ भरून आलेलं, प्रत्येकाचा फोन. मग कुणाला नाराज करायचं नाही म्हणून याचं थोडं, त्याचं थोडं. समजा तीन शेतं आहेत, प्रत्येकाला एक दिवस लागतो. एकामागून एक घेतली तर पहिला पहिल्या दिवशी मोकळा, दुसरा दुसऱ्या, तिसरा तिसऱ्या. रोज तिघांचं थोडं थोडं घेतलं तर तिघंही तिसऱ्या संध्याकाळपर्यंत ताटकळतात. तिसऱ्याचा काहीच फायदा झाला नाही, पहिल्या दोघांचं मात्र नुकसान झालं. वर प्रत्येक वेळी यंत्र उचला, बांधावरून काढा, नव्या जागी बसवा, हा वेळ वेगळाच. सगळ्यांना खूश ठेवण्याची ही धडपड मनापासूनची असते, म्हणून ती सोडवत नाही. पण शेतकऱ्याला खरा दिवस सांगणं जास्त प्रामाणिकपणाचं आहे.

आता बाभळीखाली बसलेल्या ड्रायव्हरकडे येऊ. यंत्राचा पट्टा तुटला, तर तो आणायला वाशिमला कोण जाणार? आदल्या हंगामात तो ड्रायव्हर जागेवर होता. तासा-दोन तासांत पट्टा आला असता. मागच्या हंगामात तो खेपेवर होता. तो परत येईपर्यंत यंत्र बंद, यंत्रावरची पाच माणसं बसून आणि पंधरा सुड्या उघड्यावर. ड्रायव्हरचं ते बसणं तुम्हाला खटकत होतं, पण सगळं काम त्याच्याच भरवशावर सुरळीत चाललेलं होतं.

याचं गणित शंभर वर्षांहून जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आग्नर एरलांग नावाचे गणितज्ञ होते. फोन जोडून देणाऱ्या एक्स्चेंजमध्ये किती तारा ठेवल्या म्हणजे लोकांना ताटकळावं लागणार नाही, या प्रश्नावर त्यांनी १९०९ मध्ये पहिला निबंध लिहिला आणि रांगांचं शास्त्र तिथून सुरू झालं. त्यातला एक निष्कर्ष प्रत्येक गुत्तेदारानं, मुकादमानं आणि साहेबानं लक्षात ठेवावा असा आहे. समजा एका खिडकीवर एकच माणूस बसतो आणि एकेका कामाला सरासरी दहा मिनिटं लागतात. लोक ठरवून येत नाहीत, कधी एकदम चार येतात, कधी कुणीच नाही. कुणाचं काम चटकन होतं, कुणाचं रेंगाळतं. अशा ठिकाणी खिडकीवरचा माणूस अर्धा वेळ कामात असेल, तर येणाऱ्याला सरासरी दहा मिनिटं थांबावं लागतं. तो ८० टक्के वेळ कामात असेल तर ४० मिनिटं. ९० टक्क्यांवर दीड तास. ९५ टक्क्यांवर तीन तास दहा मिनिटं. शेवटच्या पाच टक्क्यांसाठी रांग दुपटीहून लांब होते. त्याला शंभर टक्के गुंतवायचं म्हटलं, तर रांग संपतच नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही हे पटलं नव्हतं. वाटलं, माणूस पूर्ण वेळ राबतोय तर काम जास्त व्हायला हवं. काम थोडं जास्त होतंही. पण थांबणाऱ्याचा वेळ त्याच्या कितीतरी पट वाढतो, कारण मध्येच आलेली गर्दी किंवा अडचण भरून काढायला मोकळा क्षणच उरलेला नसतो. तुमच्या शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. तिथे गाड्या सुसाट जातात, कारण दोन गाड्यांमध्ये भरपूर मोकळा रस्ता असतो. रस्ता वाया जातो म्हणून त्या मोकळ्या जागेतही गाड्या भरल्या, तर रस्त्याचा इंच न् इंच वापरात येईल आणि एकही गाडी हलणार नाही.

हातचं माणूस राखून काम वेळेवर करण्याचं उदाहरण आपल्या मराठी माणसांनीच घालून दिलं आहे. मुंबईचे डबेवाले. १८९० पासून चालत आलेलं हे काम, माणसं बहुतेक मावळ, खेड, जुन्नर भागातली. हार्वर्डच्या अभ्यासकांनी त्यांच्या कामाची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या नजरेत भरलेली एक गोष्ट अशी : प्रत्येक गटात दोन-तीन माणसं जास्तीची असतात आणि त्यांना गटातली सगळी कामं येतात. कुणी आजारी पडला, कुणाची सायकल बसली, कुठे डबे जास्त आले, की ती तिथे धावतात. रोज सकाळी या दोघा-तिघांना पाहून एखादा म्हणेल, यांचा पगार फुकट जातो. पण लोकल कुणासाठी थांबत नाही, आणि दुपारच्या जेवणाचा डबा तीन वाजता पोहोचून उपयोग नसतो. त्यांचं मोकळं असणं हा त्या वेळेवर पोहोचणाऱ्या डब्याच्या किमतीतलाच भाग आहे.

तुमचं सोयाबीन पुढे बाजारात जातं, तिथेही हेच दिसतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास आवक चढली की कारंजा असो की वाशिम, बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टर-मेटॅडोरच्या रांगा लागतात. माल उतरवून ओट्यावर ढीग, मग हर्रासी, मग काटा, पोती भरणं आणि शेवटी व्यापाऱ्यानं माल उचलून नेणं. हमालांनी उतरवण्याचा सपाटा लावला आणि पुढे उचल होत नसेल, तर ओटे भरतात, आवार भरतं, ट्रॅक्टर वळवायलाही जागा उरत नाही. मग समितीला जाहीर करावं लागतं की दोन दिवस माल आणू नका. उतरवण्याच्या वेगानं बाजार चालत नाही, तो उचलीच्या वेगानं चालतो.

२०२४-२५ च्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. खरेदीत आधी ओलाव्याची १२ टक्क्यांची अट आडवी आली. केंद्र सरकारनं नोव्हेंबरमध्ये ती त्या हंगामापुरती १५ टक्के केली. मग राज्यातल्या अनेक खरेदी केंद्रांवर बारदानाच संपला. काटे होते, माणसं होती, शेतकऱ्यांच्या गाड्या दारात उभ्या होत्या आणि पोत्यांवाचून सगळं अडलं होतं. तिथे आणखी दहा हमाल आणले असते, तरी एक क्विंटल जास्त खरेदी झाली नसती. त्या रांगांत शेतकऱ्यांनी थंडीच्या रात्री काढल्या. म्हणून मला हा विषय नुसता गणिताचा वाटत नाही.

तुमच्या मनात आलेली शंका मी ओळखतो. माणसं बसली तर मजुरी कुणी द्यायची? गुत्त्याचे पैसे एकरावर मिळतात. बसलेल्या वेळेची मजुरी टोळीच्याच पदरातून जाते, आणि हंगामाचे हे दोन-तीन आठवडे म्हणजे त्या बायांची वर्षातली मोठी कमाई. त्यांना नुसतं बसा म्हणणं अन्यायाचं होईल. पण एकरामागे पैसे ठरले की टोळी सोंगतच सुटणार, यात तिचा दोष नाही. ठरावच तसा आहे. टोळीशी बोलणी करताना सोंगणीचा दर थोडा कमी धरून उरलेली रक्कम पोती भरून शिवली गेल्यावर द्यायची, असं ठरवून पाहा. सोंगणी पुढे गेली त्या दिवशी टोळीतल्या चौघी यंत्राकडे वळवा : पेंढ्या हाताशी आणून देणं, भुसा ओढणं, पोती धरणं. त्यांची त्या दिवसाची मजुरी मात्र ठरलेल्या दरानं, कमी नको. यंत्राच्या तोंडाशी पुरेसे हात असले की दोनची सव्वादोन शेतं होऊ शकतात, आणि तुमच्या सगळ्या कामात तेवढीच एक वाढ खरी आहे.

यंत्रासमोर माल कधी संपू द्यायचा नाही, हेही खरं. एक-दोन दिवसांचा माल पुढे सोंगलेला असावा. शेंगा तडकायला लागलेलं शेत असेल तर त्याला आधी घ्यावं लागेल. तिथे माझ्या हिशेबापेक्षा तुमची नजर जास्त कामाची. पण चार-पाच शेतांपलीकडे सुड्या जाऊ लागल्या, की त्या दिवशी सोंगणी थांबवायला तुमचा जीव धजावला पाहिजे. आभाळ आलं असेल तर नक्कीच. दुसरी टोळी हातची जाईल, दुसरा गुत्तेदार नेईल, ही भीती खरी आहे. त्यासाठी तिला हंगामभर गुंतवून ठेवण्यापेक्षा भाड्यानं दुसरं मळणी यंत्र मिळतं का ते पाहा. ते मिळालं, तर दोन टोळ्या लावा, माझी काही हरकत नाही.

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. रोज रात्री अकरापर्यंत काम करते. तिच्या नावावर एका वेळी पाच-पाच कामं असतात. वेळपत्रकात आठही तास भरलेले दाखवावे लागतात. तरी टीमचं काम दर महिन्याला लांबतंच, आणि दोष पोरांवर येतो. ती म्हणते, आई, मी दिवसभर धावते आणि कुठेच पोहोचत नाही. हे आळशीपणामुळे होतं, असं मला वाटत नाही. तुम्हाला काय वाटतं?
– एक शिक्षिका, कारंजा (लाड), जि. वाशिम

उत्तर : मलाही तसं वाटत नाही. वरचं उत्तर तुमच्या मुलीला वाचायला द्या. तिथे सुड्या शेतात दिसतात तरी. तिच्या कंपनीत त्या संगणकात असतात, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. एकानं लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यानं तपासायचा, तिसऱ्यानं चालवून पाहायचा. तपासणारा स्वतःच्या पाच कामांत बुडालेला. म्हणून तुमच्या मुलीचं पूर्ण झालेलं काम त्याच्याकडे चार दिवस पडून राहतं. तेवढ्यात ती रिकामी दिसू नये म्हणून तिला सहावं काम मिळतं. चार दिवसांनी पहिलं काम दुरुस्तीसाठी परत येतं, तेव्हा त्यातलं निम्मं ती विसरलेली असते.

जपानच्या टोयोटा कंपनीत ताइइची ओनो यांनी हा प्रश्न कारखान्यात सोडवला. त्यांच्या मते गरजेपेक्षा जास्त माल तयार करणं ही सगळ्यांत वाईट उधळपट्टी. पुढच्या माणसानं मागितल्याशिवाय मागच्यानं नवा भाग बनवायचा नाही, ही त्यांची पद्धत, आणि मागणी कळवायला एक कार्ड. त्याला जपानीत कानबान म्हणतात. हेच नाव आज सॉफ्टवेअरवाल्यांच्या फळ्यांना आहे. पण कित्येक ठिकाणी फळा घेतला आणि त्याच्या मागची शिस्त सोडून दिली, त्यामुळे फळ्यावर कार्डांचा ढीग तेवढा वाढतो.

तिला एकच सुचवा. पुढच्या बैठकीत तिनं दोन आकडे मांडावेत : टीमची सुरू झालेली, पण न संपलेली कामं किती, आणि गेल्या महिन्यात पुरी झालेली किती. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की किती महिने लागणार ते कुणालाही दिसेल. मग नवं काम हाती घेण्याआधी प्रत्येकानं दुसऱ्याचं अडलेलं काम तपासून द्यायचं, एवढी एक परवानगी मागावी. साहेब समंजस असतील तर महिनाभर करून पाहतील. आणि रात्री अकरापर्यंत बसणं तिनं आजपासून कमी करावं, हे मी तिच्या आईच्या वतीनं लिहितो.

मंगरूळपीरच्या वाचकांना एक विनंती. येत्या हंगामात घराच्या भिंतीवर रोज संध्याकाळी खडूनं दोनच आकडे लिहा : सोंगून पडलेली शेतं आणि पोत्यांत गेलेली शेतं. दिवाळी झाली की त्या भिंतीचा फोटो आम्हाला पाठवा. दिवस सतराच्या आत आले की नाही, ते याच सदरात छापू.